नळी आज काढता येईल का?

खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेली आजी असो की प्रोस्टेटमुळे लघवी तुंबलेले आजोबा, दवाखान्यात दाखल झाल्यावर त्यांच्या कॉटच्या कडेला लघवीची पिशवी लागते. नातेवाइकांचं लक्ष सलाइनकडे असतं, डॉक्टरांचं रिपोर्टकडे. पिशवीवर नजर असते ती वॉर्डातल्या सिस्टरची. लघवीच्या नळीमुळे होणारा संसर्ग हा रुग्णालयात जडणाऱ्या नेहमीच्या संसर्गांपैकी एक आहे. तो रोखणं औषधांपेक्षा या सिस्टरच्या हातात जास्त असतं.

मूत्राशयात गेल्यावर टोकाजवळचा फुगा फुगवून जागेवर राहणारी ही नळी अमेरिकी मूत्रविकारतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांच्या नावाने ओळखली जाते. १९३० च्या दशकापासून ती वापरात आहे. फुग्यात सलाइन भरत नाहीत, निर्जंतुक पाणी भरतात. सलाइनमधल्या क्षाराचे कण फुग्याच्या बारीक वाहिनीत साचले, तर फुगा रिकामा होत नाही आणि नळी काढताना पंचाईत होते.

निरोगी माणसात लघवीची धार मूत्रमार्गातले जंतू बाहेर ढकलत असते. नळी बसली की ही धार थांबते आणि जंतूंना वर चढायला वाट मिळते. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा, त्यामुळे त्यांच्यात हे अंतर आणखी कमी. वर चढलेले जंतू नळीला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर विणतात, विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरावं तसा. या थराच्या आत प्रतिजैविकं नीट पोचत नाहीत. नळी असलेल्या दर दिवसामागे लघवीत जंतू सापडण्याची शक्यता तीन ते सात टक्क्यांनी वाढते. महिनाभर नळी राहिली, तर ते जवळपास प्रत्येकाच्या लघवीत सापडतात. त्यातला प्रोटियस नावाचा जंतू युरियाचं विघटन करून अमोनिया तयार करतो. लघवी अल्कधर्मी होते, क्षारांचे खडे जमतात आणि नळी आतून बुजते.

म्हणूनच ताप नसताना, त्रास नसताना केवळ लघवी गढूळ दिसते म्हणून सहसा प्रतिजैविक द्यायचं नसतं. त्याने जंतू जात नाहीत, औषधाला दाद न देणारे तेवढे उरतात. हा मोह आपल्याकडे फार आहे आणि तो आवरायला हवा.

चांगली सिस्टर काय करते ते जवळून पाहण्यासारखं असतं. ती आधी पडदा ओढते, काय करणार ते रुग्णाला सांगते, हात धुऊन ग्लोव्ह्ज घालते. बाईची स्वच्छता पुढून मागे करते, कधीही मागून पुढे नाही. पुरुषाची करताना शिश्नाची त्वचा मागे सरकवली असेल, तर काम झाल्यावर आठवणीने पुन्हा पुढे आणते. ती मागेच राहिली तर सुजते आणि रक्तपुरवठा अडतो. नळी मांडीला चिकटवून ठेवते, म्हणजे कूस बदलताना ओढ बसत नाही. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता लटकवते. नळी आणि पिशवीचा सांधा उगाच उघडत नाही. तपासणीसाठी लघवी हवी असेल तर पिशवीतली घेत नाही, नळीवरच्या ठरावीक जागेतून सिरिंजने घेते. तीस-चाळीस रुग्ण एकटीच्या अंगावर असताना हे सगळं करणं किती कठीण आहे, याचा विचार रुग्णालय चालवणाऱ्यांनी करायला हवा.

पण तिचं सगळ्यांत मोलाचं काम एक प्रश्न विचारण्याचं आहे: ही नळी आजही लागते आहे का? अमेरिकेत संजय सेंट आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या रुग्णाला लघवीची नळी लावलेली आहे, हेच २८ टक्के वेळा डॉक्टरांना माहीत नव्हतं. वरिष्ठ डॉक्टरांमध्ये हे प्रमाण ३८ टक्के निघालं. पुढे त्याच देशातल्या ६०३ रुग्णालयांत रोज नळीची गरज तपासण्याची आणि ती नीट हाताळण्याची शिस्त लावली गेली. २०१६ साली निकाल आले, तेव्हा साध्या वॉर्डांमधला असा संसर्ग सुमारे एक तृतीयांशाने घटला होता. अतिदक्षता विभागात मात्र म्हणावा तसा फरक पडला नाही.

नळीसकट घरी गेलेल्या रुग्णाची काळजी घरच्यांवर येते. रिक्षात बसताना पिशवी मांडीवर घेण्याची सवय सर्रास दिसते. त्यामुळे पिशवीतली लघवी उलट मूत्राशयात जाऊ शकते. पिशवी गुडघ्याखालीच धरावी आणि अर्धी-पाऊण भरली की रिकामी करावी.

एक गोष्ट मात्र घरी कुणी विचारत नाही आणि दवाखान्यात कुणी सांगत नाही. ज्याला कायमची नळी लागणार आहे, त्याच्या शरीरसंबंधांचं काय? ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी घालता येते आणि जननेंद्रिय मोकळं राहतं. काही रुग्णांना दिवसातून चार-सहा वेळा स्वतःच नळी घालून काढायला शिकवता येतं. मग अंगावर कायम काही राहतच नाही. हा विषय रुग्णाने काढायची वाट न पाहता सिस्टरने किंवा ब्रदरने आपणहून काढावा, कारण नवरा-बायको दोघंही संकोचाने गप्प राहतात.

तुमचं माणूस दवाखान्यात असेल, तर रोज सकाळच्या राउंडला विचारा: नळी आज काढता येईल का? घरी नळी असताना थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर कुशीत दुखू लागलं, रुग्ण अचानक बरळू लागला किंवा पोट तटतटून पिशवीत थेंबही येईनासा झाला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.