अंड्यांचे ट्रे, काळा फोम आणि दहा बाय दहाची खोली

घरात रेकॉर्डिंग करायचं ठरलं की माइक आणि हेडफोनच्या पाठोपाठ काळ्या फोमचा गठ्ठा येतो. पिरॅमिडसारखे उंचवटे असलेले इंचभर जाडीचे तुकडे चारही भिंतींना चिकटवले जातात आणि फोटोत खोली अगदी स्टुडिओसारखी दिसू लागते. गाणं शिकणारी मुलं, पॉडकास्ट करणारे, ऑडिओबुक वाचणारे कलाकार असे कष्टाचे पैसे भिंतीला लावतात आणि रेकॉर्डिंग मात्र पूर्वीपेक्षाही बद्द येतं. याचं मनापासून वाईट वाटतं, कारण साधारण तेवढ्याच खर्चात खोली खरोखर सुधारता येते. फक्त पैसे कमी जागी, पण जाड थरात घालावे लागतात.

‘फोम लावला की शेजाऱ्यांना त्रास नाही’

आवाज बाहेर जाऊ न देणं आणि खोलीतला आवाज स्वच्छ करणं ही दोन वेगळी कामं आहेत. आवाज अडतो तो वजनाने आणि बंद फटींनी. प्लास्टर केलेली चार इंची विटांची भिंत चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरते; तेवढ्याच आकाराचा इंचभर फोम एक किलोचासुद्धा नसतो. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर अडणाऱ्या आवाजात जेमतेम सहा डेसिबलची भर पडते. त्यात फोमची भर ती काय पडणार! अंड्यांचे ट्रे तर कागदाच्या लगद्याचे. वरच्या पट्टीतला थोडा आवाज ते विस्कटतात, अडवत काहीच नाहीत.

त्यापेक्षा दाराकडे बघा. सात फूट उंच, तीन फूट रुंद दाराखाली अर्धा इंच फट असेल तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या एक टक्क्याहूनही कमी असते. तरीही दार कितीही भारी असो, त्या फटीमुळे ते सुमारे २२ डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. रबरी पट्टी लावून फट बुजवणं हा आवाज अडवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि बहुतेकांच्या यादीत तो नसतोच.

एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. साधा पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये फेब्रुवारी २००३ मध्ये ‘द स्टेशन’ नाइटक्लबला लागलेली आग भिंतीवरच्या अशाच फोममुळे काही मिनिटांत पसरली आणि शंभर माणसं गेली. छोट्या खोलीत, वायरिंगच्या शेजारी, एकाच दाराच्या जागेत हा फोम चारही बाजूंनी लावू नका.

‘खोली घुमते, म्हणून भिंती झाकायच्या’

या समजाला मोठा इतिहास आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द पाच सेकंदांहून जास्त काळ रेंगाळायचा, आणि तो दोष काढण्याचं काम १८९५ मध्ये वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. रात्री, सगळं शांत झाल्यावर, तो शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा, ती थांबल्यावर आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. गाद्या वाढतील तसा निनाद कमी होतो, हे त्याने सूत्रात बसवलं. १९०० मध्ये उघडलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल त्याच अभ्यासावर उभा आहे.

पण सॅबिनचा प्रश्न मोठ्या सभागृहाचा होता, आणि त्याची ती नळी ५१२ हर्ट्झची, म्हणजे मध्यम पट्टीतली होती. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत पलंग, कपाट, पडदे आधीच असतात. तिथे पाच सेकंदांचा निनाद कुठला? टाळी वाजवून खोली तपासणाऱ्यांचीही इथेच फसगत होते. टाळीत ऐकू येतो तो वरच्या पट्टीचा भाग, आणि तो पातळ फोमनेही जातो. दुखणं राहतं खालच्या पट्टीत.

खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक खालचे स्वर अडकतात. दहा फुटांच्या अंतरात ते साधारण ५७, ११४, १७१ हर्ट्झ असे येतात. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहा फूट असेल तर तिन्ही दिशांना तेच आकडे, म्हणजे दोष तिप्पट. छोट्या खोल्यांत तिन्ही मापं सारखी असलेला ठोकळा सगळ्यात वाईट. आता काळी पाचला लावलेला तंबोरा घ्या. त्याचा खर्ज साधारण ११६ हर्ट्झवर येतो, त्या ११४ ला अगदी चिकटून. तारेत नसलेला फुगवटा खोली त्यात घालते. डग्ग्याचा नादही शंभर हर्ट्झच्या आसपासचा, त्यामुळे एक ‘घे’ गडगडतो आणि मींड वर सरकली की तोच आवाज पोकळ होतो. ऐकणारा दोष तबलजीला देतो.

इंचभर फोम इथे काही करू शकत नाही. शंभर हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेतीन मीटरच्या जवळपास असते आणि शोषक थर परिणामकारक व्हायला त्या लांबीच्या चौथ्या हिश्शापर्यंत पोचला तर उत्तम. तो होतो सुमारे ८६ सेंटिमीटर. एवढी जागा घरात कुणाकडे नसते. म्हणून तडजोड करायची: चार इंच जाडीचं रॉकवूल किंवा ग्लासवूल, घनमीटरला ४८ किलोच्या आसपास घनतेचं, लाकडी चौकटीत बसवून, मागे आणखी चार इंच मोकळी जागा सोडून. ही मोकळी जागा फुकट मिळते आणि थराचा परिणाम खालच्या स्वरांपर्यंत नेते. मुंबई-कोकणात तिचा आणखी उपयोग म्हणजे पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीला पॅनेल टेकत नाही. वरून सुती कापड ताणा. तोंडाने फुंकर मारली तर पलीकडे हवा जायला हवी, रेक्झिन नको. कापताना मास्क आणि हातमोजे घाला.

पहिली पॅनेलं कोपऱ्यांत उभी करा, कारण अडकलेल्या सगळ्या स्वरांचा दाब कोपऱ्यात सर्वाधिक असतो. पुढची दोन बाजूच्या भिंतींवर: तुम्ही मिक्सिंगच्या खुर्चीत बसा, कुणाला तरी भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा, आरशात स्पीकर दिसेल तिथे पॅनेल. सगळ्या भिंती झाकायची गरज नाही. तसं केलं तर वरचे स्वर मरतात, खर्ज तसाच राहतो आणि गायकाला स्वतःचा आवाज परत येत नसल्याने तो ताण देऊन गाऊ लागतो.

गादी किंवा जाड गोधडी याबाबत लोक उगाच संकोचतात. गायकाच्या पाठीमागे उभी केलेली कापसाची गादी बोलण्या-गाण्याच्या पट्टीत पातळ फोमपेक्षा कितीतरी चांगलं काम देते.

‘उरलेलं सॉफ्टवेअर बघेल’

फुगलेला स्वर इक्वलायझरने थोडा खाली आणता येतो. पण जिथे खोली स्वर गिळते, तिथे तो वाढवून उपयोग नाही. परतून येणारी उलटी लहरही तितकीच वाढते. माइक भिंतीपासून १७ सेंटिमीटरवर असेल तर परावर्तित आवाज एक मिलिसेकंद उशिरा येतो आणि ५०० हर्ट्झला खड्डा पडतो. माइक हलवणं हाच त्यावरचा इलाज.

बसण्याच्या जागेचंही तसंच. दहा फुटांच्या खोलीत बरोबर मध्यभागी ५७ हर्ट्झ जवळपास नाहीसा होतो आणि ११४ उसळतो. तिथे बसून मिक्सिंग करणारा खालचा बेस वाढवत नेतो आणि गाडीत ते गाणं धडधडतं. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्के अंतरावर खुर्ची ठेवून सुरुवात करा. दहा फुटांत ते पावणेचार फुटांच्या आसपास येतं. मग फोनवरच्या टोन जनरेटरची जोडणी स्पीकरला करून ४० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर जा, कुठे स्वर उसळतो आणि कुठे गायब होतो ते लिहून ठेवा, खुर्ची वीतभर पुढे-मागे करून पुन्हा ऐका. मोजायचा माइक मिळाला तर ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर हेच आलेखावर दाखवतं. पॅनेलं करायला टाकण्याआधी एक संध्याकाळ यात घालवा.