शेकोट्या, बाण आणि हवेतले दीपगृहवाले

विमानाचा रस्ता आकाशात असतो, असं आपल्याला वाटतं. शंभर वर्षांपूर्वीच्या पायलटची नजर मात्र सतत खाली असायची. रेल्वेचे रूळ, नदीचं वळण, ओळखीचा डोंगर. तेच त्याचे मैलाचे दगड.

आणि रूळसुद्धा दगा द्यायचे. १५ मे १९१८ रोजी वॉशिंग्टनमधून अमेरिकेची नियमित हवाई टपालसेवा सुरू होणार होती. राष्ट्राध्यक्ष विल्सन स्वतः हजर. आणि विमान काही सुरू होईना! बऱ्याच खटपटीनंतर उलगडा झाला, टाकीत पेट्रोलच नव्हतं. ते भरून लेफ्टनंट जॉर्ज बॉइल निघाले, पण चुकीच्या रुळांमागे. जायचं होतं उत्तरेला फिलाडेल्फियाला. उतरले दक्षिणेला मेरीलँडमध्ये, विमान नाकावर. पत्रं मोटारीत घालून मुकाट्यानं परत आणली.

टपालखातं हट्टाला पेटलं. २० ऑगस्ट १९२० ला मार्गावर रेडिओ केंद्रं उभारायचा हुकूम निघाला. पायलटना हवामानाची माहिती देणाऱ्या आजच्या ‘फ्लाइट सर्व्हिस स्टेशन’चा हाच वाढदिवस. गंमत अशी की तेव्हा टपालाच्या विमानांत रेडिओच नव्हता! केंद्रवाले एकमेकांनाच कळवायचे: इकडे धुकं आहे, तिकडे पाऊस आहे, विमान सोडू नका. मधल्या रिकाम्या वेळात शेतीखातं त्याच यंत्रावरून बाजारभाव पाठवून घ्यायचं.

दिवसा विमान, रात्री रेल्वे असा टपालाचा प्रवास चाले. मग विमानाचा फायदा काय? म्हणून रात्रीही उडून पाहायचं ठरलं. २२ फेब्रुवारी १९२१ च्या रात्री जॅक नाइट नावाच्या पायलटनं नेब्रास्कातून टपाल उचललं. खाली लोकांनी वाटेवर शेकोट्या पेटवून ठेवलेल्या. ओमाहाला पोचला तर पुढचा पायलट आलेलाच नाही. नाइटनं तो टप्पा पूर्वी कधी केला नव्हता. मोटारवाल्यांचा रस्त्यांचा नकाशा घेतला आणि निघाला. आयोवा सिटीत विमान रद्द झालं समजून सगळे घरी गेलेले. एकटा रात्रीचा पहारेकरी जागा. इंजिनाचा आवाज ऐकून त्यानं मशाल पेटवली. टपाल सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला ३३ तास २० मिनिटांत पोचलं. माझ्या मते या गोष्टीचा अर्धा नायक तो पहारेकरीच.

रोज रात्री शेकोट्या कोण पेटवणार? म्हणून आले दिवे. साधारण दर १० मैलांवर ५१ फुटी लोखंडी मनोरा, माथ्यावर मिनिटाला सहा वेळा फिरणारा झोत. पायथ्याशी पिवळा रंग फासलेला काँक्रीटचा भलाथोरला बाण, ५० ते ७० फूट लांबीचा, पुढच्या दिव्याकडे रोखलेला. युटा-नेवाडाच्या वाळवंटात असे काही बाण आजही पडून आहेत. रंग उडालाय, पण दिशा तीच.

(ब्रिटिशांची तऱ्हा आणखी साधी. १९२१ मध्ये कैरो-बगदाद हवाई मार्गावर, वाळवंटात खूण म्हणून त्यांनी चक्क नांगर चालवला. वैमानिक नांगराचं तास धरून उडायचे!)

वीज नसेल तिथे ॲसिटिलिन गॅसचे दिवे. दीपगृहांतल्या अशाच दिव्यांसाठी स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांनी सूर्यझडप शोधली होती: ऊन लागलं की काळी दांडी तापून वाढते, गॅस बंद, सूर्य मावळला की दिवा आपोआप चालू. १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्याच वर्षी ॲसिटिलिनच्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली.

दीपगृहांचा विषय निघालाच आहे, तर हेही ऐका. १९२७ मध्ये अमेरिकी सरकारनं हे हवाई दिवे सोपवले कुणाकडे? समुद्रावरच्या दीपगृहांच्या खात्याकडे! दिवा म्हटलं की तेच.

पण अंधारात दिसलेला दिवा नेमका कितवा? मुख्य झोताखाली छोटा दिवा मोर्स संकेतात एक अक्षर लुकलुकवायचा. पहिला डब्ल्यू: एक छोटी, दोन लांब उघडझाप. मग यू, व्ही, एच, आर, के, डी, बी, जी, एम. दहा दिवे, म्हणजे शंभर मैल, की पुन्हा डब्ल्यू. एच दिसला, म्हणजे त्या शंभरातला चौथा दिवा. पाठ करायला पायलटांचा मंत्र होता, ‘व्हेन अंडरटेकिंग व्हेरी हार्ड रूट्स, कीप डिरेक्शन बाय गुड मेथड्स’. म्हणजे आपल्या ‘तानापिहिनिपाजा’चा वैमानिकी भाऊ. आपला सुटसुटीत, हे मान्य करायला हवं.

आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या विमानात रेडिओ नव्हता. पावसाळ्यात जुहूचा चिखल झाला की सगळा बाडबिस्तरा पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानात.

दिव्यांना पुढे रेडिओनं मागे टाकलं. कानाला यंत्र लावायचं. मार्गाच्या एका बाजूला सरकलात तर मोर्सचा ‘ए’, दुसऱ्या बाजूला ‘एन’, अगदी मधोमध असलात तर दोन्ही मिसळून सलग गुणगुण. पायलट तासन्‌तास ती गुणगुण ऐकत उडायचे. डोकं उठत असणार.

टपालखात्यानं उभारलेली ती रेडिओ केंद्रं मात्र टिकली. ‘फ्लाइट सर्व्हिस स्टेशन’ हे नाव त्यांना १९६० मध्ये मिळालं. २००५ मध्ये अमेरिकेच्या बहुतेक भागातलं हे काम खासगी कंपनीकडे गेलं. अलास्का तेवढं सरकारनं स्वतःकडे ठेवलं. तिथल्या डोंगरखिंडींत आता हवामानाचे कॅमेरे लागलेत. तरी छोट्या विमानाचा पायलट निघण्याआधी केंद्रावर विचारतोच: खिंड मोकळी आहे का?