परदेशातील नोकरीसाठी आपले गुण कसे मांडाल?

कळंबला लागूनच वालचंदनगर असल्यामुळे कारखाना, वर्कशॉप, पाळी हे शब्द इकडच्या मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडतात. आयटीआय, डिप्लोमा किंवा बी.एस्सी. झाले की आखातात प्रयत्न करावा, असे अनेक घरांत बोलले जाते. आता जर्मनी, इंग्लंड यांचीही चौकशी होऊ लागली आहे. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाची माहिती सगळेच काढतात. परंतु आपली गुणपत्रिका परदेशातील मालकाला कशी कळणार, हा प्रश्न बहुतेकांना सुचत नाही. ती त्याला कळली नाही तर चांगले गुण मिळवूनही अर्ज बाजूला पडतो.

उदाहरण घेऊ. समजा, एका मुलाला पुणे विद्यापीठाच्या टक्केवारीच्या पद्धतीत बी.एस्सी.ला ६२ टक्के मिळाले. आपल्याकडे ४० ला उत्तीर्ण, ५० ला द्वितीय श्रेणी, ५५ ला हायर सेकंड क्लास, ६० ला फर्स्ट क्लास आणि ७० ला डिस्टिंक्शन. म्हणजे मुलगा फर्स्ट क्लास. इंग्लंडमध्ये फर्स्ट क्लास ७० पासून सुरू होतो. तिथे ६२ म्हणजे अपर सेकंड, आणि तोही चांगलाच समजला जातो. अमेरिकेत शाळा-कॉलेजांतून ६० ते ६९ ला सहसा 'डी' देतात, म्हणजे जेमतेम पास. जर्मनीत तर गणितच उलटे आहे. तिथे १ हा सर्वात उत्तम आणि ४ हा उत्तीर्ण होण्यापुरता. तेथील विद्यापीठे परदेशी गुणांसाठी एक सूत्र वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेच्या गुणांतील फरकाने भागा, ३ ने गुणा आणि १ मिळवा. आपल्या मुलाचे ३८ भागिले ६०, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.९ होतात. ६२ हा आकडा तोच, पण देशागणिक त्याचा अर्थ बदलला.

यावरून कित्येकांना वाटते की अर्जात आपणच गुण बदलून लिहावेत. तसे मुळीच करू नये. आपल्या हिशेबाने 'जीपीए ३.५' लिहिले आणि मालकाने कागदपत्रे मागवली, तर त्यांत ३.५ कुठेच सापडत नाही. चूक प्रामाणिक असली तरी ती लबाडी ठरते, आणि परदेशात रुजू झाल्यावर उघडकीस आली तर नोकरी जाऊ शकते. गुणपत्रिकेवर जे छापले आहे तेच लिहावे आणि त्याच ओळीत मोजपट्टी द्यावी: 'बी.एस्सी., फर्स्ट क्लास, १०० पैकी ६२ टक्के. उत्तीर्ण ४०, फर्स्ट क्लास ६० पासून.' वर्गात किंवा विभागात क्रमांक आला असेल तर प्राचार्यांकडून तसे पत्र घ्यावे. परक्या माणसाला टक्क्यांपेक्षा 'ऐंशी मुलांत तिसरा' हे लवकर समजते. 'हायर सेकंड' आणि इंग्लंडचे 'अपर सेकंड' ही नावे सारखी भासली तरी पहिले ५५ पासून आणि दुसरे ६० पासून आहे. तेव्हा एकाच्या जागी दुसरे लिहू नये.

श्रेयांक पद्धतीत शिकलेल्यांनी अधिक जपावे. नुसते '७.५' लिहिले तर ४ पैकी मोजणारा अमेरिकन गोंधळतो. '१० पैकी ७.५' असे लिहावे. टक्केवारी मागितलीच तर ९.५ ने गुणण्याची सवय सोडावी. ते गणित सीबीएसईच्या दहावीसाठी होते, विद्यापीठाच्या पदवीसाठी नव्हे. प्रत्येक विद्यापीठाचा रूपांतराचा स्वतःचा नियम असतो, शाखेनुसार आणि अभ्यासक्रमाच्या वर्षानुसार तो वेगळा असू शकतो. म्हणून विद्यापीठाकडूनच लेखी घ्यावे आणि त्याची प्रत अर्जाला जोडावी. सर्व वर्षांचे विषयवार गुण एकत्र देणारी ट्रान्सक्रिप्ट वेळेत मागवून ठेवावी. हातात नोकरीचे पत्र आल्यावर तिच्यासाठी पुण्याला खेटे घालणे महागात पडते.

रूपांतर हवे असेल तर ते ज्याचे काम आहे त्याने करावे. अमेरिका-कॅनडासाठी १९७४ पासून काम करणारी वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस आणि तिच्यासारख्या संस्था आहेत. त्या केवळ आकडा पाहत नाहीत, भारतात फर्स्ट क्लासचे वजन काय हेही जाणतात; त्यामुळे आपला ६२ वाला तिथे 'डी' ठरत नाही. मात्र आपल्या तीन वर्षांच्या पदवीचा प्रश्न तिथे उपस्थित होतो, कारण त्यांची पदवी चार वर्षांची. इंग्लंडमध्ये यूके एनिक ही संस्था (२०२१ पूर्वी तिला नॅरिक म्हणत) मुख्यतः पदवीची पातळी सांगते. जर्मनीसाठी 'अनाबिन' या सरकारी यादीत आपले विद्यापीठ आणि पदवी कशी नोंदली आहे ते पैसे भरण्याआधी पाहून घ्यावे.

आखाताची गोष्ट निराळी. तिथला मालक गुणांपेक्षा आधी हे विचारतो की पदवी खरी आहे काय. त्यासाठी साक्षांकनाची साखळी असते: राज्य शासन, मग दिल्लीचे परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास, आणि तिथे पोहोचल्यावर त्यांचे परराष्ट्र खाते. संयुक्त अरब अमिरातीला ही साखळी लागते. ओमान, बहरीन आणि डिसेंबर २०२२ पासून सौदी अरेबिया हे अपोस्टिलच्या करारात आहेत. भारतात हा करार जुलै २००५ पासून लागू आहे. तरीही नेमका कोणता शिक्का हवा हे मालकाकडून लेखी विचारून घ्यावे, नाहीतर दोनदा खर्च होतो.

कुवेतचा अनुभव विसरण्यासारखा नाही. २०१८ मध्ये तिथे परदेशी इंजिनिअरांना राहण्याचा परवाना नूतनीकरण करताना तेथील इंजिनिअर संघटनेचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक झाले, आणि भारतीयांच्या बाबतीत नॅशनल बोर्ड ऑफ अॅक्रेडिटेशनची मान्यता पाहिली जाऊ लागली. वर्षानुवर्षे तिथे इंजिनिअर म्हणून राबलेल्या माणसांची पदवी एकाएकी अपुरी ठरली. त्यांचे गुण कमी नव्हते, काम कमी नव्हते. कॉलेजच्या त्या अभ्यासक्रमाला मान्यता नव्हती, एवढेच. ही मान्यता कॉलेजला सरसकट मिळत नाही, एकेका अभ्यासक्रमाला आणि ठरावीक वर्षांपुरती मिळते. फी किती आणि बस कुठून सुटते हे विचारणाऱ्या पालकांनी प्रवेशाच्या वेळी हेही विचारावे.

आता घरातील दोन चुका. पहिली, लॅमिनेशन. साक्षांकनाचे शिक्के मूळ प्रमाणपत्रावरच उमटतात. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली पदवी हौसेने भिंतीवर शोभते, खिडकीवर परत येते. तसेच अनेकांकडे तात्पुरते प्रमाणपत्रच असते, कारण पदवीदानाचा अर्ज कधी भरलेलाच नसतो. तो आधी भरावा.

दुसरी चूक नावाची, आणि आपल्या समाजात ती फार आढळते. शाळेच्या दाखल्यावर 'शेख महंमद', गुणपत्रिकेवर इंग्रजीत एक स्पेलिंग, पासपोर्टवर तिसरेच. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांचे नाव गाळलेले. आपल्याला ते एकच वाटते. परदेशातील कारकुनाच्या लेखी ती तीन माणसे. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव आहे तेच पुढे सर्वत्र ठेवावे. फरक पडलाच असेल तर बोर्ड किंवा विद्यापीठाकडे दुरुस्ती, अथवा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद, हे मार्ग आहेत. दोन्हींना वेळ लागतो, म्हणून ते काम पासपोर्टचा अर्ज भरण्यापूर्वी हाती घ्यावे.