माझा मालक एजन्सी ठरवणार?

लंडनच्या एखाद्या बँकेत कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमरला विचारा, तुझा मालक कोण? काम सांगते बँक. ते मिळवून दिलं रिक्रूटमेंट एजन्सीनं. पण पे-स्लिपवर नाव असतं तिसऱ्याच कंपनीचं, जिच्या ऑफिसात त्यानं बहुधा कधी पाऊलही टाकलेलं नसतं. ही अंब्रेला कंपनी. ती एजन्सीकडून पैसे घेते, कर कापते आणि पगार देते. कामाशी तिचा संबंध नाही, तरी कायद्यानं मालक तीच!

२००० साली ‘आयआर३५’ नियम आले. स्वतःची कंपनी काढून प्रत्यक्षात नोकरासारखं काम करणाऱ्यांनी नोकरासारखाच कर भरावा, हा त्यांचा हेतू. कोण त्यात मोडतं हे ठरवायची जबाबदारी २०१७ मध्ये सरकारी क्षेत्रात आणि २०२१ मध्ये मोठ्या-मध्यम खासगी कंपन्यांत काम घेणाऱ्यावर आली. जोखीम नको म्हणून अनेकांनी स्वतःच्या कंपनीतून येणारे कॉन्ट्रॅक्टर घेणंच थांबवलं. ते अंब्रेलाखाली आले. त्यांत आपली मराठी आयटी मंडळीही आहेत.

खरी थक्क करणारी गोष्ट आकड्यांत आहे. दिवसाला ४०० पौंड, म्हणजे आठवड्याला २,०००. अंब्रेलाचं मार्जिन २० पौंड धरू. मग मालकानं भरायचा नॅशनल इन्शुरन्स, सुमारे २४५. अप्रेंटिसशिप लेव्ही, नऊच्या आसपास. उरलेले साधारण १,७२७ पौंड हा पगार, आणि सुट्टीचे पैसेही त्यातच. त्यावर पुन्हा कामगाराचा स्वतःचा आयकर आणि नॅशनल इन्शुरन्स. पेन्शन बाजूला ठेवली आणि नेहमीची करमाफी धरली, तर हाती सुमारे १,२०० पौंड. म्हणजे मालकाचा करसुद्धा कामगाराच्या दरातूनच जातो.

हे दर कायद्यानं बांधलेले. त्यामुळे सचोटीच्या कुठल्याही दोन अंब्रेला कंपन्यांत हाती येणारी रक्कम जवळपास सारखीच. फरक मार्जिनचा, पेन्शनच्या पद्धतीचा, आणि न घेतलेल्या सुट्टीचे पैसे परत मिळतात की बुडतात याचा. मग कुणी ‘८५ टक्के हातात’ म्हणत असेल, तर ते येतात कुठून? बहुधा थोडा पगार आणि बाकीचं ‘कर्ज’ दाखवून. अशा कर्जांवर २०१९ मध्ये ब्रिटिश सरकारनं एकदम कर लावला आणि हजारो कामगारांच्या दारात मागण्या आल्या.

म्हणूनच एजन्सी मान्यताप्राप्त अंब्रेलांची यादी ठेवते आणि बाहेरची चालत नाही म्हणते. ६ एप्रिल २०२६ पासून तिला आणखी मोठं कारण मिळालं. अंब्रेलानं पगारातला कर सरकारजमा केला नाही, तर तो एजन्सीकडूनही वसूल करता येतो. दुसऱ्याचं देणं अंगावर येणार असेल, तर ओळखीच्या चार नावांपलीकडे कोण जाईल? व्यवहार कुणाशी करायचा हे ठरवायची मुभा एजन्सीला आहे, हेही खरं.

पण किंमत मोजतो कॉन्ट्रॅक्टर. कामं बदलली तरी मालक एकच राहतो, सलग नोकरी दिसते, गृहकर्जाला उपयोग होतो, हा अंब्रेलाचा मोठा फायदा. प्रत्येक एजन्सीची यादी वेगळी असली की तो नाहीसा होतो. नवा मालक, नवा टॅक्स कोड, सुट्टीचा हिशेब पुन्हा शून्यापासून. त्यात काही एजन्सी यादीतल्या कंपनीकडून कमिशन घेतात. माझ्या मते सुरक्षेसाठी केलेली छोटी यादी समजण्यासारखी आहे. कमिशनसाठी केलेली अजिबात नाही, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारख्या दिसतात.

म्हणून तुम्ही किंवा तुमचं कुणी तिथं कॉन्ट्रॅक्टवर जात असाल, तर सही करण्याआधी विचारा: यादीत किती नावं आहेत, एजन्सी कमिशन घेते का, माझी आधीची अंब्रेला तपासून यादीत घ्याल का? अंदाजे हाती काय पडेल हे दाखवणारा माहितीचा कागद देणं २०२० पासून एजन्सीवर बंधनकारक आहे. तो मागून घ्या. आणि पे-स्लिपवरची रक्कम आणि बँकेत जमा झालेली रक्कम दर वेळी ताडून पाहा. त्या दोन्ही जुळल्या नाहीत, तर ती कंपनी यादीत असली तरी सोडा.