मृगापासून कार्तिकापर्यंत, बांधाबांधाने

फुलं बघायची तर कासला जायचं, जुनं काही बघायचं तर वेरूळ-अजिंठ्याला, हे जालन्यात आपण सगळेच धरून चालतो. रविवारी पायी हिंडणाऱ्या आमच्या मंडळींनी यंदाचा पावसाळा मात्र जिल्ह्यातच काढायचा ठरवला. तो चांगला गेला, म्हणून हा मागोवा.

मृगात घाणेवाडीच्या तलावाकडे गेलो. फुलं नव्हतीच, सगळीकडे नुसता कोवळा तरोटा. बायका ओटीत खुडून नेत होत्या. श्रावणात अन्व्याला गेलो. तिथलं यादवकालीन देऊळ महादेवाचं, पण बाहेरच्या भिंतीवर विष्णूच्या शक्तींच्या मूर्ती आहेत. तासभर भिंतीला वळसे घालूनही कुणाचं समाधान झालं नाही. परतताना भोकरदनला थांबलो. हेच जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत इथली माणसं होती, तशी नोंद तिथल्या शिलालेखांत आहे. 1973 साली इथे उत्खनन झालं आणि सातवाहनांच्या काळातलं भरभराटीचं शहर मातीखालून वर आलं. आज त्याच मातीवरून आपण बाजाराला जातो.

सगळ्यांच्या मनात राहिली ती सप्टेंबरातली असई. इंग्रज आणि मराठ्यांची इथली लढाई शाळेत एका ओळीत संपते, पण पायी गेलं की ती कशी झाली हे डोळ्यांना दिसतं. 21 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रजांचे आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले. मधल्या डोंगराच्या दोन अंगांनी दोघांनी पुढे सरकायचं आणि 24 तारखेला मिळून हल्ला करायचा, असं ठरलं. पण 23 तारखेला नळणीजवळ पोचल्यावर वेलस्लीला कळलं, की दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजा केळणेच्या काठी अगदी जवळ आहेत. स्टीव्हन्सनची वाट न बघता तो निघाला. नदीला उतार नाही, असं वाटाड्यांनी सांगितलं. त्याला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं दिसली. गावं अशी वसली आहेत म्हणजे माणसं नदी ओलांडत असणारच, हे त्याने ताडलं आणि पिंपळगावच्या बाजूने फौज पाण्यात घातली.

काठावर उभं राहिलं की पुढचं आपोआप उलगडतं. पलीकडे केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधे जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. मोठ्या फौजेला तिथे पसरायला जागा नाही. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमान हा हॅनोव्हरचा. इंग्रज बाजूने येताहेत हे दिसताच त्याने आपली रांग वळवली आणि पट्टी आडवी अडवली. डावी बाजू असई गावाला टेकलेली, तोफा पुढे. त्या तोफांनी इंग्रजांची दाणादाण उडवली. 74 व्या पलटणीचे सर्वाधिक हाल झाले. शिंद्यांचे काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांच्याच पाठीवर तोफा डागू लागले. संध्याकाळपर्यंत इंग्रज जिंकले आणि 98 तोफा त्यांच्या हाती लागल्या, पण त्यांची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. त्यांत मद्रासचे देशी शिपाई मोठ्या संख्येने होते. पुढे वॉटर्लू जिंकूनही वेलस्ली आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घेत असे. आपल्या गोलंदाजांचं नाव मात्र कुणी घेत नाही, आणि ते घ्यायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

त्या रानात आता सोयाबीन आहे. काळ्या मातीचे गोळे बुटांना घेऊन आम्ही बांधावरून चाललो होतो. बांधभर कुर्डू फुललेला, पांढरे-गुलाबी तुरे वाऱ्यावर हलणारे. मी एक तुरा हातात धरलेला बघून खुरपणाऱ्या आजी म्हणाल्या, "कवळा असताना भाजी करायची बाबा त्याची. आता काय उपेग?" मग त्यांनीच महालक्ष्म्यांना लागणारा आघाडा आणि केना दाखवला. बांध संपून मुरमाड गायरान लागलं, तिथे विष्णुक्रांता होती. जमिनीला चिकटलेली, शर्टाच्या बटणापेक्षा लहान निळी फुलं. वाकल्याशिवाय दिसत नाहीत आणि दुपारपर्यंत मिटतात. मुरमात ओल टिकत नाही, म्हणून तिथल्या झाडोऱ्याला उगवणं, फुलणं आणि बी धरणं थोड्या दिवसांत उरकावं लागतं.

नवरात्रात घटाच्या माळेला लागणाऱ्या तरवडाने रस्त्याच्या कडा पिवळ्या केल्या. दिवाळीनंतर दीपमाळेचे नारिंगी गोंडे दिसले. कार्तिकात पायमोज्यांत कुसळं घुसायला लागली, तेव्हा फिरणं थांबवलं.

एक गोष्ट सगळीकडे खटकली. तणनाशक मारलेला बांध लांबूनच ओळखू येतो, करपलेला आणि पिवळट. काही ठिकाणी बांध नांगरून इतके अरुंद केलेत की पाऊल मावत नाही. गायरानं तर तुकड्यातुकड्याने आटताहेत. ही फुलं दुसरीकडे कुठे जाणार? शेतकरी बांधवांना विनंती आहे, पिकात काय फवारायचं ते तुम्ही ठरवा, पण बांधाची हातभर पट्टी सोडा. आणि शिक्षक मित्रांनो, 23 सप्टेंबरच्या आसपास पोरांना असईला पायी न्या. सकाळी लवकर निघा, म्हणजे विष्णुक्रांताही बघायला मिळेल.