इमानी टेंपल : वेगळ्या वेदीचा प्रश्न

एका धर्माचे अनुयायी त्या धर्माच्या वेदीसमोर समान असतातच, असे नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कॅथॉलिकांचा इतिहास याची साक्ष देतो. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेसुइट धर्मगुरूंनी २७२ गुलामांच्या विक्रीचा करार केला. पुढे गुलामीत जन्मलेल्या ऑगस्टस टॉल्टन यांना धर्मगुरू व्हावयाचे होते; परंतु अमेरिकेतील एकाही धर्मशिक्षणसंस्थेने त्यांना प्रवेश दिला नाही. अखेर १८८६ मध्ये त्यांना रोममध्ये दीक्षा मिळाली.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली, म्हणजे इमानी टेंपलचा अर्थ उलगडतो. वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय धर्मगुरू जॉर्ज ऑगस्टस स्टॉलिंग्ज यांनी २ जुलै १९८९ रोजी त्याची स्थापना केली. 'इमानी' हा स्वाहिली शब्द असून त्याचा अर्थ श्रद्धा असा आहे. आपला 'इमान' हा शब्दही त्याच अरबी मुळाचा होय. उपासनेत आफ्रिकी वाद्ये, वेश व गॉस्पेल गायन यांना स्थान हवे, आणि कृष्णवर्णीयांच्या धर्मजीवनाचे निर्णय कृष्णवर्णीयांनीच घ्यावेत, ही त्यांची भूमिका होती. कार्डिनल जेम्स हिकी यांनी त्यांना निलंबित केले. १९९० च्या आरंभी स्टॉलिंग्ज यांनी रोमशी संबंध तोडला. संततिनियमन, घटस्फोट व धर्मगुरूंचे ब्रह्मचर्य यांविषयीचे रोमचे नियम त्यांनी नाकारले आणि १९९१ मध्ये रोझ व्हर्नेल या माजी ननला धर्मगुरूपदाची दीक्षा दिली.

मात्र येथे एक गोष्ट विचारात घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. रोमची सत्ता नाकारली, तरी बिशपपदाची उतरंड कायम राहिली. मे १९९० मध्ये स्टॉलिंग्ज यांनी स्वतंत्र जुन्या कॅथॉलिक परंपरेतील एका बिशपकडून बिशपपदाचा अभिषेक करवून घेतला. पुढे ते आर्चबिशप झाले. अधिकाराचे केंद्र बदलले, त्याची घडण बदलली नाही.

बहुसंख्य कृष्णवर्णीय कॅथॉलिक रोमसोबतच राहिले. कृष्णवर्णीय बिशपांनीही स्टॉलिंग्ज यांना साथ दिली नाही. त्याच वॉशिंग्टनचे आर्चबिशप विल्टन ग्रेगरी २०२० मध्ये पहिले आफ्रिकन-अमेरिकन कार्डिनल झाले. म्हणजे टॉल्टन यांच्या दीक्षेनंतर तब्बल १३४ वर्षांनी! स्टॉलिंग्ज यांच्या उत्तराविषयी मतभेद असू शकतील. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न किती रास्त होता, हे सांगण्यास एवढा एकच आकडा पुरेसा आहे.