वारा, चढ आणि आठ सेकंद

समोरून वारा असताना सायकल चालवणे किती कष्टाचे असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. अशा वेळी मित्राला पुढे घालून तुम्ही त्याच्या मागोमाग राहिलात, तर पाय एकदम हलके वाटतात. जगप्रसिद्ध 'टूर द फ्रान्स' शर्यतीची सारी रंगत या साध्या अनुभवात दडलेली आहे.

१९०३ साली सुरू झालेली ही शर्यत आज सुमारे तीन आठवडे चालते. एकवीस टप्पे, तीन हजारांहून अधिक किलोमीटर! प्रत्येक टप्प्याच्या वेळेची बेरीज करतात. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. मग सर्वांत बलवान स्वार पहिल्याच दिवशी पुढे निघून का जात नाही?

कारण हवा त्याला जाऊ देत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला, तर विरोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यातच खर्च होते. त्याच्या आडोशाने जाणाऱ्याचे मात्र सुमारे एक-तृतीयांश श्रम वाचतात. म्हणूनच शेदीडशे स्वार थव्याने जातात. त्यातून दोघेतिघे निसटले, तर त्यांना आळीपाळीने पुढे राहून वारा झेलावा लागतो. ज्यांना शेवटी हरवायचे, त्यांनाच वाटेत साथ द्यायची! मागच्या थव्यात हे काम वाटून घ्यायला पुष्कळ जण असतात. त्यामुळे निसटलेले स्वार अनेकदा अगदी अखेरीस पकडले जातात.

आता घाट पाहा. आल्प्स पर्वतातील आल्प द्युएझचा चढ सुमारे १४ किलोमीटरचा आहे. त्याला २१ वळणे आहेत आणि दर १०० मीटरला तो सरासरी ८ मीटर चढतो. स्वार आणि सायकल मिळून वस्तुमान ७५ किलोग्रॅम धरा. गुरुत्वाकर्षण त्यांना ७५ × ९.८ × ०.०८, म्हणजे सुमारे ५९ न्यूटन बलाने मागे खेचते. ताशी २० किलोमीटर वेगाला हवेचा विरोध असतो जेमतेम सहा-सात न्यूटन. इथे आडोशाचा उपयोग फारसा नाही. ज्याचे वजन कमी आणि दम अधिक, तोच पुढे जातो.

तिसरा प्रकार एकट्याने घड्याळाशी झुंजण्याचा. १९८९ साली फ्रान्सच्या लोराँ फिन्याँने आल्प द्युएझच्या टप्प्यात आघाडी मिळवली. शेवटच्या दिवशी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. व्हर्साय ते पॅरिस हे २४.५ किलोमीटर प्रत्येकाने एकट्याने जायचे होते. लेमाँडच्या हँडलला पुढे जोडदांडा होता. त्यावर हात जवळ घेऊन, अंग आवळून तो बसला. डोक्यावर निमुळते शिरस्त्राण होते. फिन्याँने तसा दांडा घेतला नव्हता. त्याचे डोके उघडे आणि बांधलेले केस वाऱ्यावर होते. लेमाँडने ५८ सेकंद भरून काढले आणि शर्यत आठ सेकंदांनी जिंकली! किती सेकंद पायांचे आणि किती दांड्याचे, हे वेगळे करून सांगता येणार नाही. पण सरासरी वेगाने पाहिले, तर सुमारे ३,२८५ किलोमीटरनंतर दोघांत अंतर उरले फक्त ८० मीटरांच्या आसपास.

पुढच्या वेळी ही शर्यत पडद्यावर पाहाल, तेव्हा वारा बाजूने असताना स्वारांची रांग तिरकी का होते, याचे उत्तर शोधा. ते तुम्हाला आता नक्की सापडेल.